पंप की ऑटो? टर्कीच्या शिकारीतील एका सोयीस्कर दंतकथेचा प्रतिवाद (दीर्घ धागा)

१/
अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीसाठी छऱ्यांची बंदूक पंप-ॲक्शन घ्यावी की सेमी-ऑटोमॅटिक, हा जुना वाद आहे. वरवर पाहता तो केवळ खरेदीचा प्रश्न वाटतो. मात्र त्याच्या पोटात एक ऐतिहासिक विधान दडलेले आहे: पंप म्हणजे संयमी शिकाऱ्याची परंपरा, ऑटो म्हणजे हाव, आणि याच हावरट यंत्रांनी अमेरिकेची पाखरे संपवली. हे विधान लोकप्रिय आहे, ऐकायला गोड आहे आणि कालक्रमाच्या पहिल्याच कसोटीला उतरत नाही. आजचा धागा त्याच्या विरोधात.

२/
‘टर्कीशी आपला काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर. जहांगीराच्या आज्ञेने मुकर्रब खान गोव्याला गेला आणि तेथून ज्या दुर्मीळ वस्तू घेऊन आला, त्यांत हा पक्षी होता. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या डोक्यामानेचे बदलते रंग मोठ्या कुतूहलाने टिपले आणि उस्ताद मन्सूरने १६१२ च्या सुमारास त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पक्षी पाळीव, मेक्सिकोतील वंशाचा, पोर्तुगीज जहाजांतून आलेला. आपला आजचा नायक म्हणजे त्याचा उत्तरेकडील रानटी भाऊबंद.

३/
प्रथम यंत्रणा समजून घेऊ, कारण निम्मा गैरसमज तेथेच जन्मतो. पंप-ॲक्शनमध्ये नळीखालची मूठ हाताने मागे ओढली की बोल्ट सुटतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. मूठ पुढे ढकलली की नवे काडतूस आत बसते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हेच काम झाडलेल्या काडतुसाची शक्ती करते. कोठे नळी आणि बोल्ट दोन्ही धक्क्याने एकत्र मागे सरकतात, कोठे नळीतील वायूचा अंश वळवून दट्ट्या हलवला जातो, तर कोठे जडत्वाचा उपयोग होतो. पण प्रत्येक बारासाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो. ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाने ज्यांच्या डोळ्यांसमोर मशीनगन उभी राहते, त्यांनी ती कृपया खाली ठेवावी.

४/
आता तथाकथित परंपरेचे वय पाहू. व्यापारीदृष्ट्या जम बसलेली पहिली पंप शॉटगन ख्रिस्तोफर स्पेन्सर याच्या नावावर आहे, साल १८८२. पंपला घरोघरी पोहोचवले ते विंचेस्टर कंपनीच्या १८९३ आणि १८९७ च्या नमुन्यांनी. या दोन्हींचा रचनाकार युटामधील ऑग्डेन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग. आणि पहिल्या यशस्वी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचा रचनाकार? तोच ब्राउनिंग. तिचे पेटंट १९०० चे.
म्हणजे ‘परंपरा’ आणि ‘हाव’ या दोन्ही एकाच माणसाच्या मेजावरून, दहा वर्षांच्या आत उतरल्या. जिला थोरली म्हणून पाटावर बसवले जाते, ती धाकटीहून जेमतेम काही वर्षांनी मोठी.

५/
मग ही दुसरी बंदूक पहिलीहून इतकी वेगळी, परकी का भासली? याचे एक उत्तर नीतीत नसून हिशेबाच्या वहीत आहे. विंचेस्टर ब्राउनिंगचे आराखडे तोवर एकरकमी विकत घेत असे. या बंदुकीचे मोल त्याने ओळखले आणि प्रत्येक नगामागे मानधन मागितले. कंपनीप्रमुख टी. जी. बेनेट यांनी नकार दिला. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेला. तेथील प्रमुख मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती आणि त्याच दिवशी, ८ जानेवारी १९०२ रोजी, हार्टली हृदयविकाराने गेले. शेवटी ब्राउनिंग बेल्जियमला, लिएजजवळच्या हेर्स्टाल येथील एफ.एन. कारखान्यात पोहोचला. बंदुकीचे नाव ऑटो-५: चार काडतुसे मॅगझीनमध्ये, एक नळीत. अमेरिकेत ती रेमिंग्टनने १९०५ पासून बनवली.

६/
विंचेस्टरला पश्चात्ताप झालाच. १९११ मध्ये त्यांनी स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन काढली. पण ब्राउनिंगच्या पेटंटमुळे बोल्ट ओढण्याची साधी मूठही तिला लावता येईना. म्हणून नळीच हाताने मागे दाबण्याची योजना केली. काडतूस अडकले की लोक दस्ता जमिनीवर टेकवून, नळीचे तोंड स्वतःकडे ठेवून ती दाबू लागले. पुढे काय झाले असेल ते सांगण्याची गरज नाही. तिला ‘विधवा करणारी’ असे नाव पडले. ऑटो बंदुकांच्या ‘धोकादायक’ कीर्तीत या एका पेटंटच्या कुंपणाचा वाटा किती, हे कोणीतरी नीट तपासायला हवे.

७/
आता नैतिक आक्षेपाकडे येऊ. त्याचा सर्वांत बुलंद आवाज म्हणजे विल्यम टी. हॉर्नडे, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाचे संचालक. अमेरिकन गवा वाचवण्यातले त्यांचे ऋण कोणी नाकारू नये. १९१३ साली त्यांनी नष्ट होत चाललेल्या वन्यजीवांवर एक जळजळीत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात ‘अन्यायी’ शस्त्रांवर तोफ डागली. आजच्या पंपभक्तांनी येथे जरा थांबावे. हॉर्नडेंच्या आरोपपत्रात ऑटोबरोबर पंपचेही नाव आहे! त्यांच्या लेखी सभ्य गृहस्थाची बंदूक म्हणजे दुनळी: दोन बार, मग थांबा. ज्या नीतीच्या आधारे आज पंपला देव्हाऱ्यात बसवले जाते, त्या नीतीच्या मूळ प्रवक्त्याने पंपला ऑटोच्याच पिंजऱ्यात उभे केले होते.

८/
हॉर्नडेंचे विरोधकही सोवळे नव्हते. १९११ मध्ये विंचेस्टर आणि इतर शस्त्रकंपन्यांनी पक्षीरक्षणासाठी ऑड्युबॉन संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेला वर्षाला २५,००० डॉलर देऊ केले. संघटनेचे टी. गिल्बर्ट पिअर्सन अनुकूल होते. गदारोळ उठला, देणगी परत गेली, आणि कंपन्यांनी त्याच पैशांतून शिकारपक्ष्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संघटना उभी केली. बंदुका विकणाऱ्याला पक्षी टिकायला हवे असतात, यात ढोंग किती आणि शहाणपण किती, हा प्रश्न तेव्हापासून भिजत पडला आहे. माझे मत: दोन्ही होते, आणि शहाणपणाचा भाग पुढे कामास आला. ते खाली येईलच.

९/
पण ‘सभ्य गृहस्थाची बंदूक’ हा शब्दप्रयोग असा सहज सोडून देता येत नाही. सभ्य कोण, हे कोण ठरवत होते?
हॉर्नडे तरुणपणी संग्राहक म्हणून भारतात आले होते. दक्षिणेच्या जंगलांत त्यांनी हत्ती आणि वाघ मारले आणि त्यावर १८८५ मध्ये पुस्तक लिहिले. ते ‘विज्ञानासाठी’. १९०६ मध्ये त्यांच्याच प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा या काँगोमधील तरुणाला माकडांच्या दालनात लोकांपुढे मांडण्यात आले; कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी निषेध केला तेव्हा कुठे ते थांबले. आणि १९१३ च्या त्या ग्रंथात पाखरांच्या संहाराबद्दल दोष कोणाला? बाजारी शिकाऱ्यांसोबत इटालियन स्थलांतरितांना आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना, त्यांच्यासाठी वेगळी प्रकरणे राखून.

१०/
पेनसिल्व्हेनिया राज्याकडे पाहा. १९०७ मध्ये तेथे शिकारीसाठी ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली. १९०९ मध्ये त्याच राज्याने दुसरा कायदा केला: ज्या परदेशी रहिवाशाला नागरिकत्व मिळालेले नाही, त्याने वन्यप्राणी मारायचा नाही आणि त्यासाठी शॉटगन वा रायफल बाळगायचीही नाही. पॅट्सोन नावाच्या इटालियन माणसावर खटला झाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९१४ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या निकालाने कायदा वैध ठरला.

११/
दोन कायदे, दोन वर्षांचे अंतर, हेतू एकच सांगितला गेला: पक्षीरक्षण. पहिल्याने यंत्र अपात्र ठरवले, दुसऱ्याने माणूस. मी असे म्हणत नाही की ऑटोबंदीच्या प्रत्येक समर्थकाच्या मनात वंशद्वेष होता. तसे म्हणणे पुराव्याला सोडून होईल. पण ‘खरा शिकारी’ ही कल्पना त्या काळी ज्या मातीत रुजली, तिच्यात वर्ग आणि वंश हे दोन्ही कालवलेले होते. खाणीत राबणारा इटालियन मजूर रविवारी पोटासाठी पाखरे मारतो ती हाव, आणि क्लबचा सभासद हौसेने मारतो तो खेळ! आज कोणी ‘पंप म्हणजे खानदानी’ असे म्हणतो तेव्हा त्याला हे ठाऊक नसते. म्हणूनच सांगायचे.

१२/
आता मुख्य आरोप: पुनःपुन्हा झाडता येणाऱ्या बंदुकांनी टर्की संपवली. कालक्रम मांडू या.
कनेक्टिकटमधून रानटर्की १८१३ च्या सुमारास नाहीशी झाली. मॅसॅच्युसेट्समधील शेवटची नोंद माउंट टॉम डोंगरावरची, १८५१ ची. पहिली पंप १८८२ ची. पहिली ऑटो अमेरिकेच्या कारखान्यातून निघाली १९०५ मध्ये.
आरोपी जन्माला येण्यापूर्वी खून होऊन गेला होता. न्यू इंग्लंडमध्ये टर्की मेली ती तोंडातून भरायच्या बंदुकांनी, आणि त्याहूनही कुऱ्हाडीने. जंगल गेले, ओक आणि चेस्टनटची फळे गेली, पक्षी गेला. पुढे १९०४ पासून चेस्टनटवर बुरशीची साथ आली आणि दक्षिणेकडच्या उरल्यासुरल्या कळपांचेही अन्न तोडून गेली.

१३/
बंदुकीशिवायही टर्की किती सहज मारता येते, हे ऑड्युबॉनने १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पक्षिचरित्रात नोंदवले आहे. ओंडक्यांचा, वरून झाकलेला एक खोपा; त्याच्या भिंतीखालून आत जाणारा चर; चरात मक्याच्या दाण्यांची वाट. टर्की मान खाली घालून दाणे टिपत आत जाते आणि वर डोके काढते. सुटकेसाठी ती वरच पाहत राहते. ज्या चरातून आली तो पायाशी उघडाच असतो, पण त्याकडे तिचे लक्ष जात नाही. एका वेळी अख्खा कळप. यात पंप कोठे आणि ऑटो कोठे?
(प्रवासी कबुतराची कथाही अशीच. शेवटची ‘मार्था’ १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पण रानातले थवे जाळी, रेल्वे आणि तारयंत्र यांनी आधीच संपवले होते.)

१४/
कोणी म्हणेल, निदान विसाव्या शतकात तरी जलद बंदुकांवर अंकुश हवा होताच की. होता, आणि आलाही. तो कसा आला ते पाहणे उद्बोधक आहे. १९३५ मध्ये संघराज्य सरकारने पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे ठेवण्यास मनाई केली. मॅगझीनमध्ये लाकडी दांडी घालून जागा बुजवायची. हा नियम पंपला आणि ऑटोला सारखाच लागू. टर्की स्थलांतरित पक्षी नसल्यामुळे तिचे नियम राज्ये करतात, आणि अनेक राज्यांनी तीच तिनाची मर्यादा तिलाही लावली. कायद्याने प्रश्न अचूक ओळखला: किती बार, किती पक्षी, कोणता काळ. पुढचे काडतूस हाताने चढते की वायूने, हे त्याच्या दृष्टीने गौण होते.

१५/
आणि आता दंतकथेला सर्वांत अडचणीचा भाग: पुनरागमन. १९३० च्या दशकात अमेरिकेतील रानटर्कींची संख्या दोन लाख किंवा त्याहून कमी असावी असा अंदाज सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती काही दशलक्षांवर होती. नेमक्या याच काळात रेमिंग्टन ८७० ही पंप (१९५०), मॉसबर्ग ५०० ही पंप (१९६१) आणि रेमिंग्टन ११०० ही वायूवर चालणारी ऑटो (१९६३) बाजारात आल्या. एकट्या ८७० चे एक कोटीहून अधिक नग बनले. म्हणजे पंप आणि ऑटो दोन्ही घराघरांत पोहोचत असताना पक्षी वाढत होता. बंदूकच मूळ कारण असती तर ही रेघ उलट्या दिशेने जायला हवी होती.

१६/
मग पक्षी परतला कसा? आधी एक मोठे अपयश पचवावे लागले. राज्यांनी खुराड्यात वाढवलेल्या टर्की वर्षानुवर्षे जंगलात सोडल्या. आईवेगळ्या वाढलेल्या त्या पाखरांना ना शत्रू ओळखता येई, ना अन्न शोधता. त्या मेल्या. रानटी पक्षीच पकडून नव्या जंगलात नेणे हा उपाय होता, पण त्यांना पकडणे महाकठीण. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलायनात डफ हॉलब्रुक यांनी पाणपक्ष्यांसाठी बनवलेले तोफेने फेकायचे जाळे टर्कीवर यशस्वीपणे वापरले. दाणे टाकायचे, कळप गोळा झाला की जाळे त्यांच्या डोक्यावरून उडवायचे. ऑड्युबॉनच्या खोप्याचीच युक्ती, हेतू उलटा! मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणलेले ३७ पक्षी सोडले. त्या राज्यातील आजच्या हजारो टर्कींचे ते पूर्वज.

१७/
यासाठी पैसा कोठून आला? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शॉटगन, रायफल आणि काडतुसे यांवरील कर राज्यांच्या वन्यजीव-कामाकडे वळवला. पंप घेणाराही तो भरतो, ऑटो घेणाराही. आणि ऑटो सहसा महाग असल्यामुळे तिच्यामागे कर थोडा जास्तच जमतो. आठव्या पोस्टमधले कंपन्यांचे ‘शहाणपण’ म्हणतात ते हे. सोबतीला पडीक शेतांवर पुन्हा उगवलेली जंगले, आणि वसंतात बहुतांशी फक्त नरच मारण्याचा नियम. टर्कीचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर गेले तरी पुढची पिढी अडत नाही.

१८/
‘मग घ्यावी कोणती, ते तरी सांगा.’ मी इतिहासाचा विद्यार्थी, शिकारी नव्हे. पण यंत्रणा आणि शिकारीची रीत समोर ठेवली की उत्तर फारसे गूढ राहत नाही.
वसंतातला टर्कीशिकारी पहाटेच्या अंधारात झाडाला पाठ टेकून बसतो, मादीचा आवाज काढून नराला बोलावतो आणि तीस-चाळीस यार्डांवर आला की डोक्यामानेवर एक बार टाकतो. सगळा खेळ त्या एका बाराचा. उठून पळत्या बदकांवर तीन बार टाकणाऱ्याला ऑटोची गती उपयोगी. येथे दुसऱ्या बाराची वेळ आली तर बहुधा पहिला चुकलेला असतो. म्हणून गतीसाठी ऑटो घेणे व्यर्थ. पंप स्वस्त, राकट, कोणत्याही काडतुसावर चालणारी. बहुतेकांना ती पुरते.

१९/
मात्र ‘संयमासाठी पंप’ हे तितकेच व्यर्थ. टर्कीची नजर अतिशय तीक्ष्ण. दुसऱ्या बारासाठी मूठ ओढताना होणारी हालचाल पंपवाल्यालाच नडते. उलट ऑटोची अडचण निराळी: पहाटे आवाज नको म्हणून बोल्ट हळूच सोडला तर काही जडत्वाच्या बंदुकांत तो पूर्ण बसत नाही, आणि ऐन वेळी चाप ओढला की बाराऐवजी नुसते ‘टिक्’ होते. टर्कीसाठीचे बारा बोअरचे जड काडतूस खांद्याला चांगलेच हाणते. वायूवर चालणारी ऑटो तो धक्का पसरवून सौम्य करते. किरकोळ बांध्याच्या माणसाला, दुखऱ्या खांद्याच्या म्हाताऱ्याला तिचा खरा उपयोग. त्याला ‘हावरा’ म्हणणारा शहाणा कोण?

२०/
आणि हाही मुद्दा आता जुना होत चालला आहे. शिशाची घनता ११.३, नव्या टंगस्टन मिश्रधातूच्या छऱ्यांची १८ च्या आसपास. लहान छराही खोल घुसतो, त्यामुळे वीस बोअरची हलकी बंदूक, किंबहुना ४१० सुद्धा टर्कीला पुरते. या शतकात शिकारीचे गणित खऱ्या अर्थाने बदलले असेल तर ते छऱ्याने, आणि त्याच्याबद्दल नीतीची प्रवचने फारशी ऐकू येत नाहीत. कारण उघड आहे: छरा डोळ्यांत भरत नाही, बंदूक भरते.

२१/
गेल्या दोन दशकांत आग्नेय राज्यांत टर्की पुन्हा घटू लागली आहे. अभ्यासक घरट्यांची जागा, भक्षक, पिल्लांचे जगण्याचे प्रमाण आणि हंगामाची तारीख तपासत आहेत. माद्या जुगण्याआधीच प्रबळ नर मारले जातात का, हा त्यांतला कळीचा प्रश्न. जॉर्जियाने २०२२ मध्ये हंगाम उशिरा सुरू केला आणि एका शिकाऱ्याची मर्यादा तीन नरांवरून दोनवर आणली. त्या बदलांत तारखा आहेत, आकडे आहेत. पंप आणि ऑटो हे शब्द नाहीत.